सात नंबरचं क्वार्टर

भुसावळची जुनी रेल्वे कॉलनी नव्या रुळांसाठी पाडणार, ही बातमी बाबांनी आखातात, आमच्या सलवाच्या फ्लॅटमध्ये मोबाईलवर वाचली. ते निवृत्त इंजिन ड्रायव्हर, माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आलेले. गाव वाढतंय तर वाढू दे, म्हणाले, पण कोण कुठे राहत होतं ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मी ऑफिसातून मोठे आराखडे छापायच्या प्लॉटरच्या कागदी रोलचा उरलेला लांब तुकडा आणून दिला, आणि ते पेन्सिल घेऊन बसले.

महिनाभरात अख्खी कॉलनी कागदावर उतरली. लोको शेड, पाण्याची टाकी, प्रत्येक क्वार्टर आणि त्यात राहणारं कुटुंब. फक्त आमच्या शेजारचं सात नंबर कोरं राहिलं; तिथे कोण राहायचं ते त्यांना आठवेना, आणि मी आजोळी वाढलेला.

"डोकं चाललं रे माझं," ते रोज म्हणायचे.

मी हसून टाळायचो. मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं आणि शेवटी त्यांनी बाबांनाही ओळखलं नव्हतं. मला आतून भीती वाटत होती.

नकाशा स्कॅन करायचा म्हणून मी तो गाडीच्या डिकीत टाकला. शहाणपणा असा, की तिथेच रोलचे आणखी तुकडे होते. ते मी दर शुक्रवारी अब्बासिया वस्तीतल्या एका खोलीवर पोचवतो. तिथे सहा मराठी माणसं एकत्र राहतात आणि सुट्टीच्या दुपारी कागद अंथरून त्यावर जेवतात. त्या शुक्रवारीही मी अख्खी गुंडाळी देऊन निवांत घरी आलो.

दुपारी बाबांनी नकाशा मागितला. डिकी उघडली तर रिकामी; नकाशाही त्या गुंडाळीतच गेला होता. त्या खोलीतले रत्नागिरीचे चाचा शुक्रवारी माशाचं कालवण करतात, आणि त्यांचा हात तेलाला सढळ. फोन लावला तर कोणी उचलेना. बाबांना काहीही न सांगता मी गाडी काढली. परत असा नकाशा त्यांच्याकडून होणार नव्हता.

खोलीत सगळे आपापल्या खाटेवर ताट मांडीवर घेऊन जेवत होते. नकाशा भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला. त्यांच्यातला एसी मेकॅनिक भुसावळचाच, लोको शेडमधल्या खलाशाचा मुलगा. जेवायला बसताना त्याला ताटाशेजारी स्वतःच्या वडिलांचं नाव दिसलं होतं, आणि त्याने सगळ्यांना उठवलं होतं. चाचा अजून धुसफुसत होते. कालवणाचा एकच डाग पडला होता, तोही पाण्याच्या टाकीवर. मी तिथेच खाटेवर बसकण मारली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मेकॅनिकने सात नंबरवर बोट ठेवलं. "हे कोरं ठेवलं ते बरोबर केलं तुमच्या बाबांनी. छप्पर पडेल होतं त्याचं. कोणीच नव्हतं राहत तिथं भाऊ, आम्ही पोरं लपाछपी खेळायचो."

मी लगेच बाबांना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. तो तेच पुन्हा सांगत राहिला, मग फोन माझ्याकडे दिला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," बाबा म्हणाले. "तिथे कोणी नव्हतंच."