तीन नावं, बेरीज चार

मिस लेटिस विंगेट आणि मी न्यायालयाच्या दफ्तरखान्यात अठरा वर्षं शेजारी बसलो. समोरचा माणूस आपल्या वाडवडिलांचं मोठेपण सांगायला लागला की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "कागद दाखवा." आमच्या व्हर्जिनियात, नदीकाठच्या प्रत्येक गोऱ्या घराला तंबाखूचा मळेवाला पूर्वज लागतोच. त्यातले निम्मे मिस लेटिसनी तोंडावर खोटे ठरवले होते. लोक त्यांना खडूस म्हणत, आणि त्या होत्याच. पण मी तिथली पहिली काळी कारकून. पहिल्या दिवशी माझ्याशी कोणी धड बोलेना, तेव्हा आपला हॅम भरलेला पाव मोडून अर्धा माझ्यापुढे सरकवला तो त्यांनीच.

त्यांचा स्वतःचा मळेवाला म्हणजे अँब्रोज विंगेट. यादवी युद्धात न्यायालय जळलं, त्यात त्याचं मृत्युपत्र, जमिनीची खतं, सगळं गेलं. उरली ती १७५२च्या करयादीतली, म्हणजे घरटी कर लागणाऱ्या माणसांच्या यादीतली, एक ओळ. तीही मूळ नव्हे. मिस लेटिसच्या आजोबांनी तरुणपणी कुणाच्या तरी घरी बघून उतरवून घेतलेली. 'अँब्रोज विंगेट, मुलगे विल आणि जेकब. एकूण चार.' विलपासून खाली मिस लेटिसपर्यंत प्रत्येक पिढीचा कागद त्यांच्याकडे होता. वर जाणारा धागा तेवढा हा एकच.

नावं तीन आणि बेरीज चार. आजोबा शाळेत गणित शिकवायचे, त्यांची बेरीज चुकेल कशी? त्या चारच्या आकड्याने मिस लेटिसना आयुष्यभर छळलं. दफ्तरखान्याचं दार आपोआप उघडलं की त्या मान वर न करता म्हणत, "चौथा आला." आधी मी हसायचे. पुढे पुढे दार वाजलं की मीसुद्धा वळून बघायला लागले.

आजोबांची आणखी एक गोष्ट त्या सांगत. शेताच्या कडेला सीडरची झाडं होती, त्यांच्याखाली आजोबांनी कधी नांगर जाऊ दिला नाही. दर ईस्टरला ते एकटेच तिथे जात, टोपी काढून उभे राहत आणि घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलत नसत. अँब्रोज तिथेच पुरलेला असणार, असं मिस लेटिसनी ठरवून टाकलं. निवृत्तीनंतर त्यांनी त्याच्या नावाची शिळा घडवून घेतली. ती बसवायला तीन राज्यांतून विंगेट मंडळी येणार होती.

ती जागा मी एकदा पाहिली होती. जमिनीवर थडग्यांवर लावतात ती निळ्या फुलांची वेल पसरलेली, मधे ओळीने रोवलेले बिनअक्षरी धोंडे. गुलाम म्हणून जन्मलेली माझी पणजी अशाच एका धोंड्याखाली आहे. मळेवाल्याला असं कोणी पुरत नाही. तरी मी गप्प बसले. त्याची टोचणी अजून जात नाही.

कार्यक्रमाला दहा दिवस होते. एक जुनं घर विकायला काढलं होतं, त्याच्या माळ्यावरून कागदांचं एक गाठोडं आमच्याकडे आलं. आग लागण्याआधी कुणा कारकुनाने घरी नेलेलं असावं. मी ते सोडलं, १७५२ची मूळ यादी शोधली आणि मिस लेटिसच्या घरी नेऊन त्यांच्यापुढे ठेवली.

'अँब्रोज विंगेट, विल, जेकब, हॅना. एकूण चार.'

त्यांना काही सांगावं लागलं नाही. ही यादी कशी वाचायची ते त्यांनीच मला शिकवलं होतं. गोऱ्या बाईवर तेव्हा कर नव्हता; बाईचं नाव यादीत आलं की ती गुलाम. गोऱ्या मुलाच्या नावापुढे आडनाव लिहीत. विलच्या पुढे काहीच नव्हतं, म्हणजे तोही गुलामच. 'मुलगे' हा शब्दही कुठे नव्हता.

एकेका नावावर बोट टेकवत त्यांनी ओळ मोजली.

"आजोबांनी हे बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "नाव गाळलं. बेरीज खोटी लिहवेना त्यांच्याने." मग माझ्याकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं, अर्नेस्टीन?"

"जागा कुणाची ते ठाऊक होतं. तुम्ही त्यांच्यातल्या, हे नव्हतं."

"सांगायचंस तरी."

"तुम्ही म्हणाला असता, कागद दाखवा."

त्यावर त्या रडल्या. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी चुलतभावाला फोन केला तर तो म्हणाला, कार्यक्रम आटपून घे, मग बघू यादीचं. त्यांनी फोन ठेवला आणि सगळ्यांना कळवलं की येऊ नका.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाथरवटाकडे घेऊन गेले. शिळा तयार होती, अँब्रोजचं नाव ठळक कोरलेलं. मिस लेटिस म्हणाल्या, ही बाजू झाडीकडे जाऊ दे, पाठीमागे नवीन कोर. त्याने पेन्सिलीने 'हॅना' लिहिलं आणि खाली काय घालू म्हणून विचारलं.

"विलची आई."

मी चमकले. अठरा वर्षांत ही बाई पुराव्याशिवाय एक अक्षर बोलली नव्हती. यादीत हॅना होती, विल होता. कोण कुणाचं ते यादी सांगत नव्हती.

"मिस लेटिस," मी हळूच म्हटलं, "आई होती, याला कागद?"

त्यांनी पर्समधून आजोबांची पिवळी पडलेली नक्कल काढली, शिळेवर ठेवली आणि जेकबच्या नावापुढच्या कोऱ्या जागेवर बोट टेकलं.

"इथून त्यांनी तिला गाळलं," त्या म्हणाल्या, "आणि मग जन्मभर तिच्यापुढे टोपी काढून उभे राहिले. आणखी कुठला कागद हवा तुला?"