एकतीस स्लाइड

गावात शिरलो आणि पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्यालाही. गल्ली संपेपर्यंत ड्रायव्हर आणि मी नुसती कुलपंच बघत गेलो.

माझ्या हातात रजिस्टर होतं. त्यात या गावातल्या एकतीस माणसांची नावं, वयं आणि त्यापुढे लाल शाईनं माझा रिझल्ट: पॉझिटिव्ह. एकतीसपैकी एकतीस. मलेरियाचा परजीवी रक्तात दिसला की स्लाइड पॉझिटिव्ह. त्यातही हा फॅल्सिपेरम होता, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. इतक्या वर्षांत असा रिझल्ट मी पाहिला नव्हता. गाव मरायला टेकलंय, असं धरून क्विनाइनची इंजेक्शनं जीपमध्ये घातली आणि सकाळीच नांदेडहून निघाले.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. ऑफिसवर पाटी लागली होती, पण प्रयोगशाळा नव्हती. म्हणून अहमदपूरकडच्या काही गावांच्या स्लाइड माझ्याकडे नांदेडला येत. त्यावर माझा अभ्यासही चालला होता. दुष्काळात डास कुठे टिकतात, हा विषय. त्यासाठी दर महिन्याला आकडे लागत.

पारावर एक म्हातारी बसली होती.

"कुणाला बघून राहिल्या, बाई?"

"आजारी माणसं कुठं आहेत?"

"आजारी? हितं माणसंच न्हाईत. हिरी आटल्या तसे समदे कामाला गेले. आमी चार म्हातारे राहिलो."

मी रजिस्टरमधलं एक नाव वाचलं. सुमन, वय अडीच.

"तिच्या मायनं संगं नेली की तिला. दोन म्हैने झाले."

माझ्या स्लाइड दोन आठवड्यांपूर्वीच्या होत्या.

"मलेरियावाला येतो का?"

"माधव? येतो की. कुलपं बघतो, पाणी पितो, जातो. आता आठ दिस झाले, आला न्हाई."

आता डोक्यात प्रकाश पडला. दारोदार फिरून, ताप असलेल्यांच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, हे माधवचं काम. गाव रिकामं. मग एकतीस थेंब आणले कुठून? एकूण एक पॉझिटिव्ह, म्हणजे सगळे एकाच माणसाचे. खरं सांगते, आधी मला संताप आला. माझा अभ्यास मातीत घातला म्हणून. रक्त ज्या कोणाचं असेल, तो माणूस आजारी आहे, हे सुचायला जीपपर्यंत चालत जावं लागलं.

माधव शेजारच्या गावात राहत होता. भर उन्हाळ्यात अंगावर दोन गोधड्या. बायको उशाशी बसून होती.

"म्हैन्याखाली किनवटला, माझ्या म्हायेरी लग्नाला गेलतो," ती म्हणाली. "आल्यावर बारीक ताप. ह्येंच्याजवळच्याच गोळ्या खाल्ल्या. उतरला, पुन्हा चढला. कालपासून लई बडबडून राहिले."

किनवटच्या जंगलात फॅल्सिपेरम असतो, हे माधवला माझ्याइतकंच माहीत होतं. मी त्याचा डावा हात हातात घेतला. एकही बोट मोकळं नव्हतं. काळे काळे ठिपके. फळीवर पुढच्या महिन्याच्या स्लाइडचा खोका होता, अर्धा भरलेला. त्यातल्या एकाही पट्टीवर त्याचं स्वतःचं नाव नव्हतं.

त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं. उठायला गेला.

"म्याडम, स्लाइड कमी पडल्या का?"

दोन महिन्यांपूर्वी त्याची एकही स्लाइड आली नव्हती, तेव्हा मीच लातूरला खरमरीत पत्र लिहिलं होतं. त्यावरून त्याला मेमो गेला. एकतीस वेळा त्यानं आपलं रक्त पाठवलं, आणि ते खोके दहा दिवस माझ्या कपाटात पडून होते. त्या खोलीत मला माझीच लाज वाटली.

तिथेच क्विनाइन सुरू केलं. जीपमध्ये आडवं घालून नांदेडला आणलं. तीन दिवस शुद्ध नव्हती. बायको दवाखान्याच्या पायरीवरून हलली नाही. चौथ्या दिवशी त्यानं पाणी मागितलं.

लातूरच्या साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या मलेरिया अधिकाऱ्यांना, मी सगळं सांगितलं.

"बोगस स्लाइड, म्हणजे सस्पेंड करावंच लागेल."

"साहेब, मेमो माझ्या पत्रावरून गेला होता."

"मग तेही लिहून द्या."

दिलं. माधव तीन महिने घरी बसला, पण नोकरी राहिली. माझ्या पत्रावर मात्र कोणी काही विचारलं नाही.

नव्या जिल्ह्याचे फॉर्म अजून छापायचे होते, तेवढी संधी मी साधली. जुन्या फॉर्मवर घरं, ताप, स्लाइड असे कॉलम होते. माणसंच नसतील तर काय लिहायचं, याला जागा नव्हती. 'घर बंद' असा कॉलम टाका, म्हणून मी साहेबांच्या मागे लागले. आकडा मागणाऱ्यानं 'नाही' लिहायलाही जागा ठेवावी, एवढं मी त्यातून शिकले. फार उशिरा आणि दुसऱ्याच्या बोटांवर.

माधव कामावर परतला तेव्हाही पाऊस नव्हता, गाव अजून रिकामंच होतं. त्याचा पहिला फॉर्म आला. घर बंद: बावीस. स्लाइड: शून्य. खाली सही.

त्या गावातून मला मिळालेला तो पहिला खरा आकडा होता.