शेवट मागायला आलं पाहिजे

जिजीच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे जिजी नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी धारला अंगणात खुर्ची टाकून दाढी करत बसलो होतो. पलीकडे गौरी होती. खुबा मोडल्यापासून जिजीकडून रोज सकाळी व्यायाम करून घ्यायला येणारी, पंचविशीतली फिजिओथेरपिस्ट. एरवी मराठी-हिंदीची खिचडी बोलणारी ही मुलगी त्या दिवशी निव्वळ हिंदीत बोलली. "काका, जिजी उठ नहीं रहीं. आप आ जाइए." पुढचं तिला बोलता आलं नाही आणि मला ऐकायची गरज उरली नाही... अर्ध्या दाढीनेच मी बस पकडली, इंदूरला बदलली आणि देवासला पोचलो. टेकडीखालच्या त्या दोन खोल्यांत जिजी झोपलेली होती. चेहऱ्यावर असा भाव, की हे सगळं अगदी ठरल्याप्रमाणे चाललंय आणि आपण उगाच धावपळ करतोय.

शरयूजिजी माझी आत्येबहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. शाळेतली चांगली नोकरी सोडून तिने 'पायथा' नावाची प्रकाशनसंस्था काढली तेव्हा आमच्या नात्यातल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. माळव्यात राहून मराठी पुस्तकं छापायची, म्हणजे हौसेलाही काही सुमार असतो, असं माझे वडील म्हणाले होते. जिजीने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आईकडून अनारशांची कृती लिहून नेली.

कारण 'पायथा'चं पहिलं पुस्तक होतं धार-देवासच्या मराठी घरांतल्या स्वयंपाकाचं. अठरा घरांतल्या बायकांनी आपापल्या कृती दिल्या. पुस्तक देखणं झालं, लोकांनी हौसेने नेलं आणि दिवाळीच्या तोंडावर घरोघर अनारसे तुपात पडताच हसले. म्हणजे विरघळून कढईभर पसरले. कुठे चिरोटे दगड झाले, कुठे कढीत चमचा उभा राहिला. जिजी हादरली. तिने अठराही बायकांना निरोप धाडला, की येताना तुमची मापाची वाटी घेऊन या. सतरंजीवर वाट्या ओळीने मांडल्या तर दोन वाट्या एकसारख्या निघेनात. प्रत्येकीने इमानेइतबारे 'एक वाटी' लिहिलं होतं, पण ती स्वतःच्या घरची. कुणाची सासूबाईंकडून आलेली पितळी, कुणाची रुखवतातली. आमच्या आईची वाटी तर दरबारातून मिळालेली, तिच्यात तान्ह्या मुलाला न्हाऊ घालता आलं असतं. एकीलाही असं वाटलं नव्हतं, की जगात आपल्या वाटीखेरीज दुसरी वाटी असू शकते. जिजीने सगळी पुस्तकं परत मागवली आणि पुढचे चार महिने एकाच चहाच्या कपाने मोजून प्रत्येक पदार्थ शेजारच्या एका माळवी सुनेकडून करवून घेतला. या सुनेने अनारसा जन्मात पाहिला नव्हता. तिचा अनारसा जमला तेव्हाच पुस्तक पुन्हा छापायला गेलं.

तेव्हापासून 'पायथा'चा एकच नियम झाला. ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने करून पाहिल्याशिवाय पुस्तक छापायचं नाही. आणि तो माणूस लेखकाच्या किंवा जिजीच्या नात्यातला नको. घरची माणसं भिडेखातर छान म्हणतात, असं तिचं म्हणणं होतं. मला मात्र ती या नियमातून सूट द्यायची. माझं अज्ञान इतकं शुद्ध आहे, की त्यावर नात्याचा परिणाम होत नाही, हे तिने चारचौघांत सांगितलेलं आहे.

म्हणून तर धामनोदच्या एका मिस्त्रीने ट्रकदुरुस्तीवर हिंदीतून पुस्तक लिहिलं तेव्हा सायकलची चेनही कधी न बसवलेल्या मला, बँकेतल्या कारकुनाला, तिने सुट्टी काढायला लावून धामनोदला पाठवलं. हायवेवरच्या एका ढाब्यासमोर मी हस्तलिखित मांडीवर घेऊन ट्रकचं चाक बदलत होतो आणि लेखक समोर खाटेवर बसून तळमळत होता. मी काकुळतीने त्याच्याकडे पाहिलं तर तोंडावर हात ठेवून म्हणाला, "भिया, जिजी ने म्हारे बोलवा की मनाई करी हे." चाकाला तीन तास लागले. पण बदललं. माझ्या आयुष्यात टाळ्या एवढ्या एकदाच वाजल्या, त्याही ड्रायव्हर-क्लीनरांच्या. मी जिथे जिथे अडलो तिथे तिथे मिस्त्रीने नवीन ओळ लिहिली, आणि ते पुस्तक आजही त्या रस्त्यावरच्या कितीतरी गॅरेजांत काळ्या बोटांचे ठसे घेऊन पडलेलं आहे.

बाग गावच्या एका कापडछपाई-कारागिराने रंगांबद्दल सांगितलेलं पुस्तक तिने देवासच्या एका रिटायर्ड वकिलांना दिलं. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून काळा रंग कसा करायचा, हे त्यांनी आपल्या न्हाणीघरात करून पाहिलं. वकीलीणबाई जिजीशी वर्षभर बोलल्या नाहीत, पण वकिलांनी स्वतः छापलेलं उपरणं मरेपर्यंत खांद्यावरून काढलं नाही. कवितांचीही सुटका नव्हती. एका कवीच्या कविता तिने गल्लीतल्या शिंप्याला वाचून दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला काय आठवतंय ते विचारलं. जे आठवलं नाही ते काढलं. संग्रह बराच सडपातळ झाला. कवी दोन वर्षं रुसला आणि मग स्वतःच दुसरा संग्रह घेऊन आला. पाकपुस्तक, ट्रक, रंग, कविता, गर्भारपणातल्या काळजीचं पुस्तक, माळवी लग्नगीतं... बाहेरचे लोक विचारत, तुमच्या प्रकाशनाची दिशा काय? जिजी म्हणे, दिशा जाणाऱ्याने ठरवायची, मी रस्ता बरोबर आहे की नाही तेवढं बघते.

असं सगळं छान चाललेलं असताना तीन वर्षांपूर्वी सोनकच्छचे बापूसाहेब आले. रिटायर्ड बस कंडक्टर. पणजोबा दरबारात कारकून होते, हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यांनी मराठीत एक रहस्यकथा लिहिली होती. सोनकच्छ-देवास बसच्या टपावर, धान्याच्या पोत्यांमध्ये एका अडत्याचं प्रेत सापडतं, तिथून सुरुवात. जिजीने ती एका बैठकीत वाचली आणि मला फोन करून म्हणाली, "सदू, याची परीक्षा सगळ्यात अवघड आहे रे."

अवघड अशासाठी, की या पुस्तकाचा अडाणी परीक्षक म्हणजे आपली तरुण मुलं. घरात मराठी बोलणारी, हिंदी-इंग्रजी शाळांत शिकलेली आणि मराठीचं पान समोर आलं की जांभई देणारी. जिजीने ठरवलं, की आपल्यातल्या पंचविशीच्या आतबाहेरच्या एकाने तरी ही कादंबरी, कुणी न सांगता, शेवटपर्यंत वाचली पाहिजे. पहिला उमेदवार इंजिनिअरिंगचा. दोन दिवसांत "मस्त है जिजी" म्हणून परत घेऊन आला. खून कुणाचा झाला, असं तिने विचारलं तर म्हणाला, हीरोचा. दुसऱ्या मुलीने अकराव्या पानावर खूण घातली, ती खूण आठ महिने तिथेच राहिली. बापूसाहेब कासावीस झाले, वय झालं होतं त्यांचं. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, की नियम एकदा बाजूला ठेव आणि छाप. मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. जिजी शांतपणे म्हणाली, "आपली पोरं वाचणार नसतील तर मी छापतेय कुणासाठी? हे कुणी शेवटापर्यंत वाचलं नाही, तर पायथा बंद." ती रागाने बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं.

मग पुस्तकांचे गठ्ठे उतरवताना ती स्टुलावरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि गौरी यायला लागली. घराणं देवासातलंच, जुनं. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "मला मराठी समजते सब, पण पढायला कंटाळा येते." जिजीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून कादंबरीची पानं पलंगाशेजारी, सहज पडल्यासारखी ठेवायला लागली. जिजी पाय उचलायची, गौरी आकडे मोजायची आणि मोजता मोजता नजर त्या पानांवर. एक दिवस पंधराऐवजी बावीस वेळा पाय उचलावा लागला, कारण मोजणारी बसच्या टपावर पोचली होती. मला फोनवर हे सांगताना जिजीचा आवाज असा झाला होता, की तिचा पाय दुखतोय हे मी विसरूनच गेलो. मग गौरी एकेक प्रकरण घरी न्यायला लागली. रोज मला वार्ता कळायची. आज सातवं नेलं. आज नववं.

शेवटचं प्रकरण मात्र, मी भेटायला गेलो तेव्हा, जिजीने कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

"ते मी द्यायचं नाही. शेवट मागायला ती आली पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

"तर तू 'पायथा'ची पाटी उतरव."

त्यानंतर चारच दिवसांनी ती गेली. आदल्याच सकाळी गौरीने उपान्त्य प्रकरण नेलं होतं.

दिवस मीच घातले. घरात माणसांची ये-जा चालू होती, सगळे चांगलं बोलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गौरी येऊन बसली, रडली, पाणी प्यायली आणि गेली. पुस्तकाचं नाव नाही. पाचव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. लाज वाटते सांगायला, पण दोनदा मी कपाट उघडून ती पानं बाहेर काढली. मनात आलं, पाकिटात घालून तिच्या घरी पाठवावी, कोण विचारणार आहे आता? जिजी तर नाहीच. मग परत आत ठेवली... धामनोदच्या त्या मिस्त्रीचे हात तोंडाशी गेलेले दिसले मला. बोलायची मनाई होती.

तेराव्याच्या आदल्या दुपारी गौरी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात नेलेली सगळी पानं, नीट क्रमाने लावलेली. जिजीची अमानत आहे म्हणाली, माझ्या हातात दिली, फोटोला नमस्कार केला आणि दारात जाऊन चपला घालायला लागली. मी पिशवी घेऊन तसाच उभा. संपलं, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा. पाटी उतरवायला स्क्रू-ड्रायव्हर लागेल, असाही विचार आला, माणसाचं मन काय करतं पाहा. एक चप्पल घालून झाली होती. ती तशीच वळली. आत बसलेल्या बायकांकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, बुरा नका मानू... असं आज विचारायला नको, मला समजते. पण शेवटची पानं कुठेत? बारा दिवसांपासून मला नींद नाही. त्याला मारलं कोणी?"

मी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पानं तिच्या हातात ठेवली. घरी नेते म्हणाली, पण दारापर्यंतही गेली नाही. जिजीच्या पलंगाच्या कडेला, एका पायात चप्पल तशीच, ती वाचत बसली. मध्येच तिला खुदकन हसू आलं. सुतकाच्या घरात हसणारी ही कोण, म्हणून माझ्या काकूने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी काकूला म्हटलं, हसू दे तिला, मोठ्याने हसली तरी चालेल. त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता, की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. आणि तो जिला सांगायचा, ती फोटोत.

शेवटचं पान उलटून गौरीने मान वर केली. कपाळावर आठी. "काका, हे गलत आहे."

"काय?"

"हा मारणारा मुनीम. याच्या खुब्याचं ऑपरेशन तीन हफ्त्यांपूर्वी झालं लिहिलंय ना? मग हा बसच्या मागच्या शिडीवरून टपावर चढला कसा, तेही चाकू घेऊन? जिजीला पाच हफ्त्यांत मी धड दारातला ओटा चढवू शकले नव्हते." एवढं बोलून तिचे डोळे भरून आले, पण पान तिने सोडलं नाही. बोट त्याच ओळीवर.

मी बापूसाहेबांना फोन लावला. चूक ऐकताच ते म्हणाले, टपावर कोण कसं चढतं ते मी पस्तीस वर्षं पाहिलंय, कोण आहे हा सांगणारा? मी फोन गौरीकडे दिला. पुढचा अर्धा-पाऊण तास त्या दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं. शिडीला पायऱ्या किती, कमरेतून वाकलं तर काय होईल, मुनीम नाही तर मग त्याची बायको का नको. बापूसाहेब त्यांच्या दरबारी मराठीत, ही तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, शब्द अडला की हिंदीचा टेकू घेऊन पुन्हा मराठीत. काकूसुद्धा कान देऊन ऐकायला लागली आणि मुनिमाच्या बायकोवर तिचाही संशय असल्याचं तिने मला हळूच सांगितलं.

पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही. बापूसाहेब शेवटचं प्रकरण नव्याने लिहिताहेत आणि ते झालं, की आधी गौरीकडे जाणार आहे. तिने परवाच फोन करून मला दटावलं, की काका, त्यांना जल्दी करायला सांगा.