यंदा कान तेवढे येऊ दे

आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, स्मृतिदिन समितीचा मी सचिव आहे. हे पद कर्तृत्वानं मिळालेलं नाही. समितीत सात माणसं, त्यातल्या सहांचे गुडघे दुखतात आणि स्कूटर फक्त माझ्याकडे आहे. शिवाय ज्याचा स्मृतिदिन असतो तो माझा आतेभाऊ. मनीषनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याच्या नावाचा काळा दगड आहे. तो फौजेत ट्रक चालवायचा. बावीस वर्षांपूर्वी बर्फातल्या एका वळणावर ट्रकसकट दरीत गेला.

दरवर्षी थंडीत, त्या दिवशी सकाळी नऊला आम्ही दगडाजवळ जमतो. समई लागते, दोन मिनिटं शांतता होते, आत्याला शाल-श्रीफळ दिलं जातं, मी बोलायला लागलो की माईक बंद पडतो आणि लोक तर्री-पोह्याकडे वळतात. हे मी नावं ठेवायला लिहीत नाही. इतकी वर्षं, एवढ्या थंडीत, पन्नास-साठ माणसं न बोलावता वेळेवर येतात. सख्ख्या साडूच्या वास्तूला मी तेवढा वेळेवर गेलेलो नाही.

दगडामागे त्याचा फ्लेक्स लागतो, दहा फूट बाय आठ. ही हकीकत त्या फ्लेक्सची आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा फ्लेक्स केला तेव्हा त्यावर भाऊ होता तसा होता. सावळा, गालफडं बसलेली, टोपी जराशी तिरपी, आणि कान. घरात त्याला सगळे कढई म्हणायचे, दोन्हीकडून धरून उचलता येईल असा. पुढच्या वर्षी फ्लेक्सवाल्यानं आपुलकीनं त्याचा रंग उजळला. मग मिशा भरल्या. मग जुन्या फोटोची गरजच उरली नाही, मागच्या वर्षीच्या फाइलवर पुढच्या वर्षीचं काम व्हायचं. छातीवर दोन पदकं आली. मागे विमानं आली. हातात मोठी बंदूक आली. एका वर्षी गळ्याखालचं धडच बदललं, कारण जुनं फार बारीक दिसत होतं. आणि कान दरवर्षी थोडे थोडे आत गेले. प्रत्येक वेळी नमुना माझ्या व्हॉट्सअॅपवर यायचा आणि मी अंगठा पाठवून द्यायचो. समितीत माझ्या कामाचा उरक चांगला समजला जातो.

यंदा कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी आत्यानं मला घरी बोलावलं. ती दोन गल्ल्या सोडून राहते. तिला काचबिंदू आहे. उरलीसुरली नजर काही महिन्यांत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"बाबू, त्या बोर्डावर कोण असते गा?"

"आत्या, तोच नं."

"तो नाही. इतके वर्स म्हटलं जाऊ दे, लोकं प्रेमानं लावतात. पण आता डोळे चालले. हातातला फोटो मले दिसत नाही. बोर्ड दिसते, मोठा असते म्हणून. यंदा एकडाव माह्या पोराले लाव. कान तेवढे येऊ दे."

मग तिनं पोह्याच्या डब्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. नाल्याचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं, त्या साली अल्बमचा लगदा झाला. हा एक भिंतीवर उंच होता म्हणून वाचला.

"एकच हाये," ती म्हणाली. "तू विसरभोळा हायेस, मले माहीत हाये. पण स्कूटर तुह्याकडेच हाये."

फोटो मी खाकी पाकिटात घालून कपाटात ठेवला आणि पंधरा दिवस रोज उघडून पाहिला, आहे की नाही म्हणून. इतका जबाबदार मी माझ्या लग्नातही नव्हतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी पाकीट पिशवीत घालून निघालो. फ्लेक्सचं दुकान लकडगंजात. वाटेत इतवारीचा बाजार पडतो, तर शाल, नारळ आणि समईच्या वाती तिथंच घेऊन टाकाव्या, असं मी ठरवलं. एका फेरीत चार कामं उरकणं हा माझा जुना रोग आहे. शालीच्या दुकानात मालकानं विचारलं, "पांघरायची पाह्यजे का सत्काराची?" मी सत्काराची म्हणालो. आत्याच्या पेटीत अशा एकवीस शाली आहेत, एकीचीही घडी मोडलेली नाही. शाल पिशवीत मावेना म्हणून मी सगळं सामान बाहेर काढलं, पुन्हा भरलं. मग वातींसाठी पुढच्या गल्लीत गेलो. हातगाड्यांच्या मधून अंग चोरत बाहेर आलो, नारळ घेतला, स्कूटर काढली.

लकडगंजात फ्लेक्सवाल्याच्या टेबलावर पिशवी उपडी केली. शाल होती, नारळ होता, वाती होत्या. पाकीट नव्हतं.

मी पिशवी उलटी करून झटकली. मग शालीची घडी मोडली. मग, आता सांगायला हरकत नाही, नारळ हलवून पाहिला.

परत इतवारीत कसा पोचलो ते आठवत नाही. शालीच्या मालकानं आधी "इथं काही नाही" म्हटलं, पण माझं तोंड पाहून काउंटरवरच्या सगळ्या शाली खाली घेतल्या आणि एकेक झटकली.

"काय होतं पाकिटात? आधार, पॅन?"

"फोटो."

"मग काहून एवढे घाबरून राहिले? दुसरा काढा नं."

"ज्याचा होता तो नाहीये," मी म्हणालो.

उरलेल्या शाली त्यानं दोनदा झटकल्या.

गल्लीत पोती लादलेली हातगाडी घेऊन एक म्हातारा येत होता. मी त्याच्या गाडीखाली वाकून पाहायला लागलो तेव्हा तो ओरडला, "मरतं का गा?" मी सांगितलं. त्यानं विचारलं, "फौजी होता?" मी मान हलवली. त्यानं गाडी तिथंच आडवी लावली. मागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवून त्याला शिव्या देत होते, आणि तो हातांनी नालीवरच्या फरशा उचलून पाहत होता. शेवटी त्यानंच सांगितलं, चारला झाडतात, कचरागाडी येऊन गेली. कोपऱ्यावर जे थोडं उरलं होतं ते मी हातानं उपसलं. चहाचे कागदी कप, सुतळी, कापडाच्या चिंध्या, लग्नपत्रिकेचा अर्धा गणपती. एक ओळखीचे गृहस्थ थांबले. "सचिवसाहेब, काय करून राहिले?" मी म्हणालो, "काही नाही, सहज." कचऱ्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घालून मी सहज म्हणालो.

सहाला पुन्हा लकडगंज. फ्लेक्सवाला गडी भला. "मोबाईलमध्ये एखादा काढून ठेवला असेल नं," तो म्हणाला. मी मोबाईल उघडला. पंधरा दिवस फोटो माझ्या कपाटात होता. त्या पंधरा दिवसांत मी सांभारवडीचे चौदा फोटो काढले होते, त्यातले तीन चटणीसकट. भावाचा एकही नव्हता.

"पहिली फाइल उरली नाही, तिच्यावरच बदल करत आलो. मागच्या वर्षीची लावू? साल बदलून देतो."

"कान मोठे करता येतील?"

त्यानं माउसनं दोन्ही कान धरले आणि बाहेर ओढले. पडद्यावरच्या त्या गोऱ्या, मिशाळ माणसाचा चेहरा मास्तरांनी कान धरून उभा केल्यासारखा झाला. कान आले होते. भाऊ आला नव्हता.

"अजून ओढू?"

मी पडद्याकडे पाहत राहिलो. तेव्हा माझ्या मनात आलं की आत्याची नजर अधू आहे. कान दिसले तर कदाचित तिचं समाधान होईल. हे मी पन्नाशीच्या माणसानं, तिच्या हातची भाकर खाऊन वाढलेल्यानं, पूर्ण शुद्धीत ठरवलं.

"थोडे ओढ," मी म्हणालो, "आणि छाप."

घरी जाण्याआधी आत्याकडे गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. ती उंबरठ्यातच बसलेली.

"देल्ला?"

"दिला."

"कान?"

"आले."

"फोटो कुठं हाये?"

"फ्लेक्सवाल्याकडे राहिला. उद्या आणतो."

"आणजो आठवणीनं," ती म्हणाली आणि हात धुवायला पाणी दिलं. माझ्या हातांना कचऱ्याचा वास येत होता. तिच्या लक्षात आला असणार.

सकाळी ऊन चांगलं होतं. आभाळ भरलेलं असावं, अशी मी पहाटेपासून आशा धरून होतो. आत्या नवं लुगडं नेसून आली. मी दोन मिनिटं शांततेची सूचना दिली. माईक, जो बावीस वर्षांत कधी माझं एक वाक्य पूर्ण होऊ देत नव्हता, तो त्या दिवशी खणखणीत चालू होता. शांतता संपायच्या आतच आत्यानं माझी बाही ओढली.

"जवळ ने."

मी तिला फ्लेक्ससमोर नेलं. काचबिंदूत मधलं तेवढं दिसतं म्हणतात, नळीतून पाहिल्यासारखं. ती मान हलवत हलवत तुकड्या-तुकड्यानं पाहत गेली. आधी डावा कान. तिथं ती थांबली आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. मला वाटलं, निभलं. मग तिनं नाक पाहिलं, डोळे पाहिले, मिशा पाहिल्या. पुन्हा कानावर आली.

"हा नाही," ती म्हणाली.

माईक माझ्या हातात होता. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"आत्या," मी म्हणालो, "फोटो हरवला माझ्यानं."

तेही सगळ्यांनी ऐकलं. माईक बंद करायचं मला सुचलंच नाही.

"कुठं?"

"इतवारीत. लय शोधला."

"अन् काल?"

"खोटं बोललो."

ती खाली बसली नाही, रडली नाही. लोक उभेच होते, कारण शांतता संपली असं सांगायचं काम माझं होतं. तिनं फ्लेक्सकडे बोट करून विचारलं, "मंग हा कोण होय?"

"कोणी नाही. कंप्युटरवर केलेला. धड कुठूनतरी घेतलेलं आहे."

"कुठून?"

"माहीत नाही. दुसऱ्या कोण्या जवानाचं असन."

"जिता हाये का तो?"

मला ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. आम्ही कोणाच्या तरी छातीला हार घालत होतो आणि पोहे खात होतो.

आत्यानं फुलांचं ताट मागितलं. दगडावरचं नाव बोटांनी चाचपून तिथं एक फूल ठेवलं. मग दुसरं घेतलं आणि फ्लेक्सखाली, त्या परक्या माणसाच्या बुटांपाशी ठेवलं. "त्याचीबी माय असन कुठं," ती म्हणाली. अध्यक्षांनी शाल दिली, तिनं घेतली, नेहमीसारखी. शालीची घडी आधीच मोडलेली होती हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पोह्याला त्या दिवशी कोणी हात लावला नाही आणि त्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी त्याच्या युनिटला पत्र पाठवलं आहे, नोंदीत एखादा फोटो असेल म्हणून. उत्तर नाही. त्याच्या दहावीच्या वर्गाचा एक फोटो मिळाला, त्यात त्याचा चेहरा तिळाएवढा आहे. मोठा केला की नुसते डाग दिसतात. दर शनिवारी इतवारीत जातो. शालवाला मला पाहून दुरूनच मान हलवतो. हातगाडीवाला म्हातारा अजून गाडीखाली वाकून दाखवतो.

आत्याची नजर संक्रांतीनंतर गेली. आता फोटो सापडला तरी तिला दिसणार नाही. तरी ती रविवारी फोन करते.

"भेटला का गा?"

"पाहून राहिलो, आत्या."

मागच्या रविवारी तिनं एवढ्यावर फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "बाबू, त्याचा एक कान जास्त बाहेर होता नं? मले आता नक्की आठवत नाही. डावा का उजवा?"

मी डोळे मिटले. मी त्याच्याबरोबर वाढलो, त्याच कानांना धरून लोंबकळलो. पण डोळ्यांपुढे आला तो फ्लेक्सवरचा माणूस. गोरा, भरल्या मिशांचा, माउसनं कान ओढलेला.

"डावा," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "डावाच." आणि तिचा आवाज हलका झाला.

मला माहीत नव्हतं.