लिनोवर कोरलेलं अबू धाबी

नवऱ्याच्या निवृत्तीबरोबर आमचा व्हिसाही संपणार, हे कळलं त्याच आठवड्यात मी लिनोलियमचा मोठा तुकडा आणला. त्यावर अबू धाबी कोरायचं, शाई लावायची आणि छापायचं, तेही निघण्याआधी. या शहरात चित्रकला शिकवण्यात उभा जन्म गेला. रिकाम्या हाताने जाणार नाही म्हणजे नाहीच.

पाचशे वर्षांपूर्वी युरोपातली शहरं आपापली चित्रं अशीच कोरून छापून घ्यायची. तेव्हा कोणी उडालेलं नव्हतं, तरी वरून बघितल्यासारखं अख्खं शहर, तटबंदी, चर्च, गलबतं. बघा आम्ही कोण, असा तोरा! वर्गात ती चित्रं दाखवताना मला त्या तोऱ्याचा हेवा वाटायचा.

"ती शहरं त्यांची स्वतःची होती," हे म्हणाले. "आपण इथे पाहुणे. व्हिसा खलास, की यल्ला, चला पुण्याला."

मी चिडून कोरायला बसले, आणि व्हायचं तेच झालं. ठसा उलटा उमटतो, आधी चित्र उलटं करून घ्या, असं मुलांना घसा फोडून सांगणारी मी, मीच विसरले! कागद उचलला तर समुद्र भलत्याच बाजूला.

"राहू दे गं. पुण्यात कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल!" मी ओरडलेच. "अहो, इतकी वर्षं त्या समुद्राच्या कडेने गाडी चालवलीत, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

हे उठून खोकी भरायला लागले. मी नवा तुकडा आणला. घरभर खोकी, जेवायच्या टेबलावर लिनोचा भुगा, मनगट सुजलेलं. लेक म्हणाली, "ममा, जस्ट टेक अ फोटो." फोटो काय, कोणीही काढतं गं बाई.

एका दुपारी हे चहा घेऊन आले आणि मागे उभे राहून बघू लागले.

"मशीद एवढी मोठी का? शेजारचे टॉवर बुटके झालेत."

"जुने लोक असंच करायचे. ज्याचा अभिमान, ते मोठं काढायचं. मापाबिपाची पर्वा नाही."

"आणि खलिफा सिटी? आपलं घर?"

तो कोपरा अजून कोरायचा होता. पेन्सिलीने नुसता शेजारचा विमानतळ आखला होता. "आपली चार मजल्यांची बिल्डिंग. एवढ्याशा जागेत दिसणार कुठून?"

त्यांनी कप माझ्या हत्यारांमध्येच ठेवला. "मापाची पर्वा नाही म्हणालीस ना आत्ताच? लेक तिथे लहानाची मोठी झाली. काढ."

मी डोळे पुसले, बारीक कोरणी उचलली. ज्या विमानतळावरून आम्हाला कायमचं जायचं होतं, त्याच्यापेक्षा आमची बिल्डिंग मोठी कोरली.