कचेरीची मागची खिडकी

पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत आली होती, तेव्हा रावसाहेब कामावर आले. कचेरीचे मुख्य अंमलदार तेच. भिंतीवर छडी टेकवून म्हणाले, "ओव्हरसियर, इथं एक खिडकी ठेवा. हातभर रुंद. बाहेरून खाली एक दगड बसवा, उभं राहायला."

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. वरून आलेल्या नकाशाप्रमाणे काम होतंय की नाही, ते पाहायचं. महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात महसुलाची नवी कचेरी बांधत होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काळ्या दगडाचं जोतं, मंगलोरी कौलं, पुढे लांब व्हरांडा. दार एकच, सगळ्यांसाठी.

"साहेब, नकाशात खिडकी नाही," मी म्हणालो.

"महारवाड्यातली माणसं व्हरांड्यात चढली तर गावकरी कचेरीत यायचे नाहीत. त्यांचे अर्ज इथून घेऊ."

"लेखी हुकूम मिळेल का?"

"खिडकीला कसला लेखी हुकूम?"

नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. मी गवंड्याला खूण करून दिली. लिंटल, म्हणजे खिडकीवरचा भार पेलणारा आडवा दगड, मी स्वतः निवडला. काम चोख झालं. तेव्हा त्याचा अभिमानही वाटला.

कचेरी सुरू झाली त्याच आठवड्यात एक निवृत्त हवालदार हयातीचा दाखला न्यायला आले. पेन्शनवाल्यानं आपण जिवंत असल्याचं सरकारला दाखवायचं, तो हा कागद. कोटावर मेसोपोटेमियाच्या लढाईतली पदकं होती. ते पायरी चढू लागले तसा शिपायानं हात आडवा केला. "मागं जा. खिडकीशी."

हवालदार मागे आले. मी तिथं गिलावा तपासत होतो. ते दगडावर चढले नाहीत. मला म्हणाले, "साहेब, ही खिडकी सरकारी नकाशात हाय का?"

आत रावसाहेब ऐकत होते.

"आहे," मी म्हणालो.

"सरकारनंच काढलीय?"

"हो."

"मग बोलायचं काय नाय."

त्यांनी पदकं एकेक करून काढली, खिशात टाकली आणि दाखला न घेताच गेले.

माझी बदली झाली. काही वर्षांनी वरून हुकूम आला, कचेरीत कुणालाही अडवायचं नाही. खिडकी बुजवायचं काम माझ्याकडेच आलं. एका दिवसात झालं. मग मी महारवाड्यात जाऊन हवालदारांची चौकशी केली. त्यांची सून दारात आली.

"मामंजी गेले साहेब, शिमग्यात."

"कचेरीत यायचे का?"

"नाय. दाखल्याला महाडला जायचे, आठ मैल चालत. म्हनायचे, इथं सरकारला आपली वळख नाय."

मी परतलो.

वरिष्ठांचं ऐकावं लागतं, हे खरं. खिडकी मी हुकमावरून बांधली. पण ती नकाशात आहे, असं सांगायचा हुकूम मला कुणीच दिला नव्हता.