वाईट संगत

बालीगंजच्या उच्चभ्रू वस्तीत माझ्या खिशात गांजाची छोटी पुडी सापडली, म्हणून मी कोर्टाच्या बाकावर बसलो होतो. शेजारी गार्डन रीचच्या गोदीतला एक साठीचा हमाल होता, तशाच गुन्ह्यात वेगळा पकडलेला. बाकावरची धूळ त्याने स्वतःच्या रुमालाने पुसली, आधी माझ्या बाजूची. "तुमची पॅन्ट चांगली आहे," तो हिंदीत म्हणाला.

माझ्या वकिलाने न्यायाधीशांना सांगितलं, की मुलगा सुसंस्कृत घरातला आहे, मोठ्या कंपनीत आहे, वाईट संगतीने एकदा घसरला. मुलगा पस्तीस वर्षांचा होता आणि पुडी त्याने एकट्यानेच शोधून आणली होती. पण नोकरी जाण्याच्या भीतीने मी चेहरा जमेल तितका सुसंस्कृत केला.

हमालाला वकील नव्हता. "पुडी माझीच. पाठ दुखते, म्हणून ओढतो," एवढंच तो म्हणाला.

दोघांना सारखाच दंड झाला. वर मला शिकलेल्या माणसाबद्दलची हळहळ मिळाली आणि त्याला तुरुंगाची तंबी.

बाहेर आल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, ती वाईट संगत म्हणजे मी का?"

मी घाईने नाही म्हणालो. मग त्याने चहाला बोलावलं, तेव्हा ऑफिसचं कोणी पाहील म्हणून त्यालाही नाहीच म्हणालो.